फोन जिथे, कायदा तिथला

पहाटे ५.३०

मंद्रूपमध्ये अजून उजाडलेले नसते. डिसेंबरात या वेळी न्यूयॉर्कला आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात दुपारचे चार. मी चहाचा कप बाजूला ठेवून लॅपटॉप उघडते. अमेरिकेतल्या ग्राहकांना संदेश पाठवायचा तर हीच वेळ सोयीची, कारण त्या देशाच्या दोन्ही टोकांना माणसे आत्ता जागी आहेत आणि दोन्हीकडे कायद्याचे घड्याळही परवानगी देते.

आमचा महिलांचा बचत गट ज्वारी-बाजरीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. सोलापूर-विजयपूर महामार्गावरचे आमचे गाव. इथून आणि सोलापुरातून शिकून बाहेर गेलेली पोरे आता न्यू जर्सी, टोरंटो, लंडन, दुबई, सिंगापूर, मेलबर्नला आहेत. पातळ थापून, तव्यावर भाजून, मग कडक होईपर्यंत शेकलेली भाकरी महिनोन्‌महिने टिकते, म्हणून ती समुद्रापार जाते. भाकरी थापणाऱ्या बायका वेगळ्या, पॅकिंगवाल्या वेगळ्या. हिशेब, मागणी आणि ग्राहकांना जाणारे संदेश माझ्याकडे आहेत.

आजचा मजकूर साधा आहे: भोगीसाठी तीळ लावलेली बाजरीची भाकरी तयार होते आहे, सणाआधी हवी असेल तर याच आठवड्यात कळवा. ही जाहिरात आहे. अमेरिकेत अशा संदेशांवर १९९१ च्या टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन अ‍ॅक्टची, म्हणजे टीसीपीएची हुकमत चालते. त्याखालच्या नियमांनुसार विक्रीचा फोन किंवा संदेश ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर करायचा नाही. आधी परवानगी दिलेल्या ग्राहकालाही ही वेळ लागू होते का, यावर तिथे वाद आहे. मार्च २०२५ मध्ये व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने खुलाशासाठी एफसीसी या नियामकाकडे अर्जही केला. मी त्या वादात पडत नाही. वेळ पाळते. फ्लोरिडाने २०२१ च्या कायद्यात संध्याकाळची हद्द आठवर आणली आहे. तिथले आठ म्हणजे आमचे सकाळचे साडेसहा. त्याच्या आत माझे काम उरकलेले असते.

एक सापळा इथेच आहे. नंबरचे पहिले तीन आकडे बघून राज्य ओळखायला जावे तर फसायला होते. नंबर न्यू जर्सीचा असतो आणि माणूस नोकरीसाठी सिएटलला गेलेला असतो. म्हणून आमच्या मागणीच्या फॉर्मवर ‘सध्या कुठल्या राज्यात राहता’ असा रकाना आहे, आणि वेळ ठरते ती त्याच्यावरून.

सकाळी ६.३०

पाठवणे बंद. आता उजाडले आहे, हायवेवरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जाऊ लागले आहेत.

एवढी काटेकोर वेळ कशाला, असे कुणी विचारले तर मी एक खटला सांगते. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत एका सात वर्षांच्या मुलाच्या हातातला फोन रात्री साडेबारा वाजता वाजला. स्टीफन किंगच्या ‘सेल’ या भयकादंबरीची ती जाहिरात होती. मुलाच्या आईने कधीतरी फुकटच्या रिंगटोनसाठी नंबर दिला होता, तो हातोहात फिरत प्रकाशकाच्या मोहिमेत पोहोचला. आई कोर्टात गेली. प्रश्न असा होता की, १९९१ चा कायदा झाला तेव्हा मोबाइलवरचा संदेश ही चीजच नव्हती; जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. मग संदेशाला फोन कॉलचा कायदा लागणार कसा? जून २००९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो लागतो असे ठरवले, आणि रिंगटोनच्या कंपनीला दिलेली परवानगी प्रकाशकाला चालत नाही हेही सांगितले.

या कायद्याची खरी धार दंडात आहे. एका संदेशामागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केले असेल तर १,५०० पर्यंत. शिवाय दावा लावायला सरकारची वाट बघावी लागत नाही, ग्राहक स्वतःच कोर्टात जातो आणि हजारो ग्राहक मिळून एक दावा लावतात. पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीला अशा संदेशांच्या दाव्यात २०१३ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. आमच्या गटाचे अख्खे भांडवल यापुढे नगण्य आहे.

सकाळी ८.००

आत तवे तापलेत. परातीवर थापण्याचा आवाज सुरू झाला की तासभर कुणी कुणाशी बोलत नाही. अक्का गटाच्या अध्यक्ष आहेत. त्या पिठाचा हात पुसत माझ्यापाशी येतात. “काय ग, रात्री कोणी काय म्हणालं?”

उत्तरे वाचणे हे माझे सकाळचे दुसरे काम. दोघांनी मागणी नोंदवली आहे. एकाने ‘स्टॉप’ असे कळवले आहे. त्याचा नंबर यंत्रानेच यादीतून काढला. एका बाईंचे उत्तर मराठीत आहे: ‘आता नको ताई, डॉक्टरांनी शेंगदाणे बंद केलेत.’ हे यंत्राला कळत नाही. ते ‘स्टॉप’, ‘क्विट’, ‘कॅन्सल’ असे ठरावीक शब्द शोधते. पण ११ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत नियम असा आहे की ग्राहकाने कुठल्याही वाजवी रीतीने नको म्हटले तरी ते मानायचे, आणि कामाचे दहा दिवस उलटण्याच्या आत अमलात आणायचे. आमचे ग्राहक मराठीत नको म्हणतात, कधी कानडीत ‘बेडा’ म्हणतात, कधी भाच्याकरवी निरोप धाडतात. तेव्हा प्रत्येक उत्तर माणसानेच वाचायला हवे. मी त्या बाईंचा नंबर जाहिरातीच्या यादीतून हाताने काढते, नोंदवहीत तारीख लिहिते आणि प्रकृतीची काळजी घ्या, एवढे कळवते.

अक्कांचा नेहमीचा प्रश्न येतो: “व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की झालं, एवढा व्याप कशाला?” व्हॉट्सअ‍ॅपलाही ग्राहकाची आधी घेतलेली परवानगी लागते, हे मी सांगते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाने अमेरिकी नंबरांवर व्यावसायिक खात्यांतून जाणारे जाहिरातीचे संदेश थांबवले. वाट बदलली म्हणून अट सुटत नाही.

सकाळी ९.३०

सिंगापूरला दुपारचे बारा, मेलबर्नला तीन.

सिंगापूरला मी एसएमएस पाठवतच नाही. तिथे नंबराऐवजी नावाने येणाऱ्या संदेशांची नोंदणी ३१ जानेवारी २०२३ पासून सक्तीची आहे आणि ती करायला तिथल्या सरकारचा व्यवसाय क्रमांक लागतो. नोंद नसलेल्या नावाचा संदेश ‘बहुधा फसवणूक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शिक्क्याखाली जातो. याशिवाय जानेवारी २०१४ पासून तिथे ‘डू नॉट कॉल’ यादी आहे. आमच्या चटणीच्या बातमीवर फसवणुकीचा शिक्का बसावा, यापेक्षा ईमेल बरा. त्यालाही सिंगापूरचा स्पॅम कंट्रोल अ‍ॅक्ट लागतो, पण त्याच्या अटी आम्हाला पेलतात.

ऑस्ट्रेलियाही त्याच दिशेने गेला आहे. नावाने जाणाऱ्या संदेशांच्या नोंदणीसाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरलेली आहे. त्यानंतर नोंद नसलेल्या नावावर ‘अनव्हेरिफाइड’ अशी खूण येते. बँका, टपाल, टोलनाके यांच्या नावाने लोकांना इतके लुबाडले गेले, की नाव वापरण्याचा हक्कच आधी सिद्ध करा, असे सरकारांना म्हणावे लागले. तिथला मूळ कायदा २००३ चा स्पॅम अ‍ॅक्ट. त्याची मागणी तीनच गोष्टींची आहे: परवानगी, पाठवणाऱ्याची खरी ओळख आणि थांबवण्याची सोय. नको म्हटल्यावर कामाचे पाच दिवस मिळतात, अमेरिकेच्या निम्मे. मी दोन्हीकडे त्याच दिवशी काढून टाकते. वेगवेगळ्या मुदती डोक्यात ठेवण्यापेक्षा सगळ्यांत कडक मुदत सगळ्यांना लावली, की चूक व्हायला जागा राहत नाही.

सकाळी १०.००

आता आपल्या देशाची वेळ झाली. पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या ग्राहकांना जाहिरातीचा एसएमएस सकाळी दहा ते रात्री नऊ याच वेळात जातो. आपल्याकडचा नियम ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांतला. व्यवसायाची नोंदणी करा, सहा अक्षरी नाव म्हणजे हेडर मंजूर करून घ्या, मजकुराचा साचा मंजूर करून घ्या, मग त्या साच्यात बसेल तेवढेच पाठवा. हे सगळे डीएलटी या सामायिक नोंदवहीवर चालते. ८ मार्च २०२१ ला दूरसंचार कंपन्यांनी न बसणारे संदेश अडवायला सुरुवात केली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ट्रायला अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंकही आधी नोंदवलेलीच लागते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी अक्षर आले: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. ग्राहकाला संदेश न उघडता कळते की आत काय आहे.

नव्याने निर्यातीत येणाऱ्या अनेकांची समजूत असते की एकदा डीएलटी झाले म्हणजे जगभर पाठवायला मोकळे. तसे नाही. डीएलटी भारतातल्या नंबरांसाठी. टोरंटोतल्या फोनला ते हेडर माहीत नाही आणि तिथल्या अधिकाऱ्याला आपले मंजूर साचेही माहीत नाहीत. संदेश मंद्रूपहून निघाला तरी त्याचा न्याय होतो तो पोहोचतो तिथे.

देशादेशांच्या स्वभावातला फरकही या वेळी लक्षात येतो. आपल्याकडे पहारा आधी असतो: मंजुरी नाही तर संदेश निघतच नाही. अमेरिकेत दूरसंचार कंपन्या दहा आकडी नंबरावरून जाणाऱ्या व्यावसायिक संदेशांची नोंदणी मागतात, पण खरा धाक नंतरचा, कोर्टाचा. ब्रिटनमध्ये नियामक चौकशी करून दंड लावतो. सिंगापूर शिक्का मारते. रीती चार, पण चौघांनाही एकच गोष्ट राखायची आहे: फोन ज्याचा, त्याची शांतता.

सकाळी ११.३०

दुबईत सकाळचे दहा. अमिरातीत जाहिरातीचा एसएमएस सकाळी सात ते रात्री नऊ या वेळात चालतो, पाठवणाऱ्याचे नाव आधी नोंदवलेले लागते आणि त्या नावापुढे ‘एडी-’ अशी खूण येते. तिथे आमचे ग्राहक बहुतेक एकेकटे राहणारे. स्वयंपाकाला वेळ नसलेली ही मुले महिन्याची भाकरी एकदम मागवतात. त्यांना वारंवार संदेश लागत नाही. महिन्यातून एकदा आठवण केली की मागणी येते. नियमात आठवड्याला चार संदेश बसत असतील, पण ग्राहकाच्या सहनशीलतेत बसत नाहीत.

दुपारी १२.३०

पार्सलची गाडी येते. डबे मोजून दिले जातात, पावत्या फाडल्या जातात आणि प्रत्येक ग्राहकाला ‘पार्सल निघाले’ असा संदेश जातो. हा सेवेचा संदेश. ऑर्डर देताना दिलेला नंबर यासाठी वापरायला ग्राहकाची हरकत नसते, उलट तो वाट बघत असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि वडकबाळच्या बाजूने सोलापूरचा रस्ता बंद झाला. त्याच्या आधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारा बहुतेक माल घेणे थांबवले होते, कारण तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी करमाफी संपत होती. ती सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली. त्या दीड-दोन महिन्यांत अशा बातम्या ग्राहकांना कळवणे हे आमचे कर्तव्य होते. ‘पुरामुळे माल उशिरा निघेल, पैसे परत हवे असतील तर कळवा.’ एवढाच मजकूर.

त्या वेळी कुणीतरी सुचवले होते की, संदेश जातोच आहे तर खाली नव्या लसूण चटणीची ओळही टाकू. हेच टाळायचे असते. सेवेच्या संदेशात विक्रीची एक ओळ आली की तो पूर्ण संदेश जाहिरात ठरू शकतो आणि मग त्याला जाहिरातीची परवानगी लागते. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेने २०२४ मध्ये ७५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड भरला, तो मुख्यतः जाहिरातीचे संदेश सेवेचे समजून, थांबवण्याची सोय न ठेवता पाठवल्याबद्दल. पुराच्या काळात तर ही नैतिक गोष्टही होती. इथे लोकांच्या घरात पाणी शिरलेले, आणि परदेशात बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या मुलांना आम्ही चटणी विकायची? लोकांनी विश्वासाने वाचलेला संदेश त्याच कामापुरता राहिला पाहिजे.

दुपारी ३.००

जेवणे आटोपली. लंडनला सकाळचे साडेनऊ. ब्रिटनच्या नियमाचे नाव पेकर, २००३ चा. तिथे व्यक्तीला जाहिरातीचा एसएमएस पाठवायला आधी परवानगी लागते. एक सवलत मात्र आहे आणि ती छोट्या धंद्याच्या फार कामाची आहे. ग्राहकाने आपल्याकडूनच खरेदी करताना नंबर दिला असेल, आपण तशाच प्रकारच्या मालाची बातमी देत असू, आणि नंबर घेताना व नंतरच्या प्रत्येक संदेशात ‘नको’ म्हणायची सोपी सोय दिली असेल, तर वेगळी परवानगी लागत नाही. कडक भाकरी घेतलेल्याला बाजरीची भाकरी सांगता येते. सोलापुरी चादर सांगायची तर ती ‘तशाच प्रकारची’ म्हणता येणार नाही. दुसऱ्या गटाची किंवा मित्राच्या दुकानाची यादी वापरायची तर ही सवलत अजिबात मिळत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने हॅलोफ्रेश या जेवणाचे साहित्य घरपोच देणाऱ्या कंपनीला १ लाख ४० हजार पौंडांचा दंड केला. सात महिन्यांत ७ कोटी ९० लाख ईमेल आणि १० लाख एसएमएस गेले होते. कंपनीने परवानगी घेतलीच नव्हती असे नाही. पण परवानगीच्या वाक्यात एसएमएसचा उल्लेख नव्हता, आणि ईमेलची परवानगी वयाच्या खातरजमेच्या वाक्यातच गुंफलेली होती. एका खुणेत दोन गोष्टींना हो म्हणवून घेतले, म्हणून ते हो ग्राह्य धरले गेले नाही.

हा निकाल वाचल्यावर आम्ही आमचा फॉर्म तीन वेगळ्या चौकटींचा केला. पार्सलची खबर एसएमएसवर हवी का? नव्या मालाची बातमी एसएमएसवर हवी का? ईमेलवर हवी का? तिन्ही चौकटी आधी रिकाम्या असतात, खूण ग्राहकाने करायची. खाली स्पष्ट लिहिले आहे की, बातमीला नाही म्हटले तरी भाकरी मिळेल. अमेरिकेच्या लेखी परवानगीतही हीच अट आहे: खरेदी करायची तर जाहिरात घ्यावीच लागेल, असे बांधून घालता येत नाही.

दुपारी ४.३०

उन्हे उतरायला लागली की मी पुढच्या आठवड्याचा मजकूर लिहायला घेते. मराठीत लिहायचे की इंग्रजीत, हा प्रश्न खर्चाचाही आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीला युनिकोड लागते आणि त्यात एका संदेशात फक्त ७० जागा मिळतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पायमोड प्रत्येकी एक जागा खातात. ‘सोलापूर’ लिहिले की सात गेल्या. मजकूर लांबला की दोन-दोन, तीन-तीन संदेशांचे पैसे लागतात. तरी आम्ही मराठीतच लिहितो. टोरंटोतल्या आजीला ते वाचायचे असते. मग शब्द तोलून लिहावे लागतात, आणि त्याने मजकूर सुधारतो.

प्रत्येक मजकुरात तीन गोष्टी असायलाच हव्यात: आम्ही कोण, काय सांगायचे आहे, आणि नको असेल तर काय करायचे. अमेरिका आणि कॅनडात नावाने संदेश जात नाही, नुसता नंबर दिसतो. त्यामुळे गटाचे नाव मजकुराच्या पहिल्याच शब्दांत टाकावे लागते.

मंद्रूपहून जवळच हत्तरसंग कुडल आहे, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे आणि तो मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक मानला जातो. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा लावतात की, जो हे वाचेल त्याचा विजय होवो. आमच्याच मातीतला हजार वर्षांपूर्वीचा माणूस लिहिताना आधी वाचणाऱ्याचे भले चिंततो. ग्राहकाला पाठवायच्या ओळीला यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही. हे वाचून वाचणाऱ्याचे काही भले होणार आहे का? नसेल तर तो संदेश पाठवायचा नाही.

संध्याकाळी ६.३०

टोरंटोला सकाळचे आठ. कॅनडाचा नंबरही अमेरिकेसारखाच अधिक एकने सुरू होतो, पण कायदा निराळा आहे. १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कासल हा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक. कंपनीला १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगी होती हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. संदेशात नावासोबत टपालाचा पत्ताही द्यावा लागतो. जागा नसेल तर तो दिसेल अशा पानाची लिंक. थांबवायला सांगितल्यावर कामाचे दहा दिवस.

ग्राहकाने खरेदी केली म्हणजे गृहीत परवानगी मिळते, पण तिची मुदत दोन वर्षे. नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने. त्यानंतर पुन्हा विचारायचे. हा नियम मला फार समंजस वाटतो. तीन वर्षांपूर्वी एकदा भाकरी मागवलेल्या माणसाचे आयुष्य बदललेले असते. घर बदललेले असते, खाणारे माणूसही कदाचित उरलेले नसते. जुन्या ओळखीवर कायम दार ठोठावत राहणे बरे नव्हे. म्हणून कॅनडाची मुदत आम्ही आमच्या सगळ्याच परदेशी ग्राहकांना लावली आहे. शेवटच्या खरेदीला दोन वर्षे होत आली की एक नम्र चौकशी जाते. उत्तर आले नाही तर नंबर यादीतून निघतो.

इथे नोंदवहीची किंमत कळते. नंबर, देश, राज्य, परवानगी कशाची, कधी, कुठल्या फॉर्मवर, फॉर्मवरचे नेमके वाक्य काय होते, आणि थांबवले असेल तर कधी. कागदावरही आणि संगणकावरही. एफएसएसएआयचा परवाना आणि निर्यातीचा आयईसी क्रमांक ज्या फाइलमध्ये आहे, तिच्याच शेजारी ही फाइल असते. पीठ किती दळले याचा हिशेब जसा चुकत नाही, तसा याचाही चुकवायचा नाही. भारतातल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने आपल्याकडेही परवानगीची नोंद आणि ती मागे घेण्याचा हक्क आला आहे, तेव्हा ही शिस्त घरच्या ग्राहकासाठीही लागणारच.

रात्री ८.००

गटाची छोटी बैठक. पलीकडच्या गावातल्या एका गटाच्या ताई आल्या आहेत. त्यांनाही परदेशी पाठवायचे आहे. त्यांनी विचारले, “एक माणूस परदेशातल्या भारतीयांचे नंबर विकतोय, घ्यावेत का?” अक्काच म्हणाल्या, “नको ग बाई. विकत घेतलेला नंबर आपला न्हाई. त्या माणसानं आपल्याला कुठं दिलाय?” दिवसभर मी जे कायदे वाचते त्यांचे सार याहून नेमके सांगता येत नाही. प्रत्येक देशाच्या नियमात ती यादी निरुपयोगी आहे, आणि काही देशांत ती गटाला बुडवू शकते.

मी त्यांना सुरुवात कशी करायची ते सांगितले. आधी एकच देश घ्या. त्या देशाच्या नियामकाच्या संकेतस्थळावर छोट्या व्यावसायिकांसाठी सोप्या भाषेतली माहिती असते, ती मुलीकडून वाचून घ्या. संदेश पाठवणाऱ्या कंपनीला त्या देशाची नोंदणी लागते का ते लेखी विचारा. पहिल्या ग्राहकापासून नोंद ठेवा, मागाहून ती तयार करता येत नाही.

रात्री ९.३०

कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. दिवसभरात तिकडून आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची ही वेळ. एका ग्राहकाने विचारले आहे की चटणीत तीळ आहेत का, मुलाला चालत नाहीत. अशा प्रश्नाला आधी लिहून ठेवलेले उत्तर पाठवायचे नसते. मी सकाळच्या बॅचची नोंद बघते आणि मग लिहिते.

झोपण्यापूर्वी एक मागणी मांडायची आहे. बचत गटांना पॅकिंग शिकवणारी, कर्ज मिळवून देणारी, प्रदर्शनात टेबल देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. ‘उमेद’ आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे, टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. यांतल्या कुणीतरी देशनिहाय एक-दोन पानांची मराठी माहिती काढावी: परवानगी कशी घ्यायची, वेळ कुठली, नाव कुठे नोंदवायचे, थांबवण्याची मुदत किती, दंड किती. दरवर्षी ती सुधारावी, कारण हे नियम दरवर्षी बदलतात. मोठ्या कंपनीकडे वकील असतो. मंद्रूपच्या बाईकडे इंग्रजीतला कायदा आणि रात्रीचा तासभर असतो. तिने निर्यात करावी असे सरकारला मनापासून वाटत असेल, तर तिला हे कायदे तिच्या भाषेत मिळाले पाहिजेत. ते मिळाले तर ती पाळेल. ग्राहकाच्या नकाराचा मान कसा राखायचा, हे तिला कुणी शिकवावे लागणार नाही.